इलेक्ट्रिक गिटारला ९ चा सेट लावावा की १० चा? क्लासचे सर ११ लावा म्हणतात

९ चा लावा. आज दुकानात जाणार असाल तर ०.००९ ते ०.०४२ चं पाकीट घेऊन या (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचात; सगळ्यात बारीक, म्हणजे पहिल्या तारेच्या जाडीवरून सेटला ९, १०, ११ म्हणतात), पुढचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की वय चाळीस, घणसोलीला राहता, गिटार साडेपंचवीस इंची स्केलची (तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब) आहे, सहा महिने झाले तरी बेंड (तार बोटाने बाजूला ओढून स्वर चढवणं) सुरात बसत नाही, आणि सर म्हणतात ११ चा सेट लावा, बोटं तयार होतील. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य मी १९९६ साली ठाण्यात ऐकलंय.

तेव्हा मी कळव्याला राहायचे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून कोलकात्याला बनलेली एक इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि नौपाड्यात एका दुकानाच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या क्लासला जायला लागले. आठ-नऊ मुलगे आणि मी. पहिल्याच महिन्यात सरांनी माझ्या गिटारच्या तारा काढून ११ चा सेट चढवला. म्हणाले, बारीक तारांवर शिकलीस तर बोटं कायम बायकी राहतील. सरांना उलट विचारायची पद्धत नव्हती. मीही विचारलं नाही.

रोज संध्याकाळी दीड तास वाजवायचे. धडा एकच: तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या सातव्या धातूच्या पट्टीपाशी, बोट ठेवायचं आणि तार ओढून नवव्या फ्रेटच्या स्वरापर्यंत न्यायची. म्हणजे सा वरून रे. माझा स्वर कोमल रे च्या जरा वर जाऊन लटकायचा, पुढे सरकायचाच नाही. अनामिकेच्या टोकाला तारेची काळी रेघ उमटायची आणि त्या रेघेतच कातडी फाटायची. सकाळी तांदूळ धुताना ते बोट पाण्याबाहेर ठेवायला लागायचं. आई म्हणायची, सोड ते. मला वाटायचं, माझंच कुठेतरी कमी पडतंय.

१९९७ च्या मे महिन्यात क्लासचा कार्यक्रम होता. एका गाण्यातला आठ बारचा सोलो माझ्याकडे होता. आठवडाभर आधी सरांनी सगळ्यांसमोर तो तीनदा वाजवायला लावला. तीनही वेळा बेंड खालीच राहिला. सर म्हणाले, "हिच्या बोटात जीवच नाही. तू रिदम वाजव." सोलो दुसऱ्या मुलाला दिला. त्याची गिटार त्याच्या मामाने दुबईहून आणलेली होती आणि तिच्यावर ९ चा सेट होता, तारा अजून बदललेल्या नव्हत्या. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. मी रिदम, म्हणजे मागची साथ, वाजवली. दुसऱ्या दिवशी गिटार कव्हरात घालून माळ्यावर टाकली. सोळा वर्षं ती तिथेच होती.

२०१३ मध्ये आम्ही नेरूळला राहायला आलो. सामान हलवताना मुलीने ती बाहेर काढली आणि मला वाजवून दाखव म्हणून हट्ट धरला. कोपरखैरण्याला एक गृहस्थ गिटार दुरुस्त करतात, आधी हार्मोनियमचं काम करायचे, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, मग बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरली. तारेखाली साडेतीन मिलिमीटर. दीड-दोनच्या आसपास हवं. मान पुढे वाकलेली, नटच्या (मानेच्या टोकाची पट्टी, जिच्यातून तारा जातात) खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या, आणि वर ते ११. "ताई, हिच्यावर मला पण बेंड मारता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी ट्रस रॉड (मानेतली सळई, जिने मानेचा वाक कमी-जास्त होतो) फिरवला, नटच्या खाचा कानसल्या, ९ चा सेट लावला. मी तिथेच उभ्याउभ्या तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट धरला आणि ओढलं. रे आला. पहिल्या ओढीला आला. मला रडू आवरलं नाही आणि त्या भल्या माणसाने न विचारता पाणी आणून दिलं.

एका सेटअपने एवढं सगळं बदललं, तर सरांच्या म्हणण्यात खरं किती होतं, हे मला मोजून बघायचं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्या दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधला सोनोमीटर (तारेचा ताण आणि सूर मोजायची पेटी) काढला, तोच बारावीच्या प्रॅक्टिकलचा. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, तो सोनोमीटरच्या खुंटीला अडकवला. दुसऱ्या टोकाला पीळ घालून हँगर लटकवला. दोन ब्रिजमध्ये ६४.८ सेंटिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे तुमच्या गिटारचं स्केल. मग तार पहिल्या तारेच्या सुरात, ३३० हर्ट्झला येईपर्यंत वजनं वाढवत गेले. लॅबमधली अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं पाच किलोला संपली. लॅब असिस्टंट काकांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दोन-दोन किलोची लोखंडी वजनं आणली, ती सुतळीने बांधली.

०.००९ ची तार सहा किलोच्या जवळपास सुरात आली. ०.०१० ला साडेसातच्या जवळ लागले. ०.०११ ला नऊ. पुस्तकातल्या सूत्राने हिशेब केला तर तेच येतं, कारण सूर आणि लांबी तीच असेल तर ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. ९ वरून ११ वर गेलात की पहिल्या तारेला जोर दीडपट. आणि आता हे नीट वाचा: सा वरून रे पर्यंत ओढायला तारेचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो. म्हणजे ९ ची तार पूर्ण ओढल्यावर जेवढी ताणलेली असते, जवळपास तेवढी १० ची तार नुसती सुरात लावली की असते. ११ ची तर त्याहून जास्त. बोट सरकतं तेवढंच, जोर बराच जास्त. माझ्या बोटात जीव होता. सर जास्त वजन उचलायला सांगत होते आणि त्याला परीक्षा म्हणत होते.

तुमचे सर आता टोनचं सांगतील. जाड तार, जाड आवाज. यात तथ्य आहे: पिकअपसमोर (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) लोखंड जास्त, सिग्नल जास्त, आवाज थोडा भरीव. पण तुम्ही घरी छोट्या अ‍ॅम्पवर वाजवताय. तो फरक बासचं बटण थोडं फिरवून आणि पिकअप स्क्रूने जरा वर घेऊन भरून निघतो. न लागलेला रे कुठल्याही बटणाने लागत नाही.

मग ते अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं नाव घेतील, सगळे घेतात. वॉन १३ ची पहिली तार लावायचे, खरं आहे. पण गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवायचे, त्यामुळे ताण दहा-अकरा टक्के कमी होतो, हे सांगायचं राहून जातं. आणि तुम्हीही मग झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडच्या बिली गिबन्सचं नाव घ्या. ते ०.००७ वर वाजवतात. गिबन्स स्वतः सांगतात की तरुणपणी त्यांच्या जाड तारा बघून ब्लूजचे मोठे गिटारवादक बी. बी. किंगनी विचारलं होतं, एवढी मेहनत कशाला करतोस? ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी कारखान्यात कापली गेली. त्यांनी बारीक तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला, आणि त्या गिटारचा आवाज बारीक आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

मला सगळ्यात जवळची गोष्ट गिटारच्या तारा बनवणाऱ्या अर्नी बॉल यांची वाटते. १९६० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या दुकानात शिकाऊ मुलं तक्रार घेऊन यायची की तिसरी तार ओढता येत नाही. तेव्हाच्या नेहमीच्या सेटमध्ये ती ०.०२९ ची असायची. त्यांनी मुलांना बोटं तयार करायला सांगितलं नाही. बारीक तारांचा सेट काढला, आणि आज ९ आणि १० म्हणून आपण जे विकत घेतो ते त्याच वाटेने आलंय. तिसरी तार. माझीही तीच होती. तुमचीही तीच असणार.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमची गिटार पावणेपंचवीस इंची असती तर मी १० सांगितलं असतं, कारण तिथे ताण सहाएक टक्के कमी असतो. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये (तार नेहमीपेक्षा खाली उतरवून) वाजवणार असाल तर ९ ढिला पडेल, १० किंवा ११ घ्या. उजवा हात जड असेल तर ९ वर तारा फ्रेटला आपटून बझ होतील. आणि सवयीने जोरात दाबलंत तर कॉर्ड चढा वाजेल, कारण बारीक तार बोटाच्या दाबानेही वर जाते. महिनाभरात हात हलका होतो. मनगट दुखत असेल तर तारांच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टरकडे जा.

सरांचं ऐकून ११ चढवला असेल तर नुसत्या तारा बदलून भागणार नाही. १० च्या पूर्ण सेटचा मानेवर सुमारे सत्तेचाळीस किलोचा ओढा असतो, ९ चा एकोणचाळीसच्या आत. ११ चा १० हूनही जास्त. ओढा कमी झाला की मान मागे जाते, पहिल्या काही फ्रेटवर बझ येतो, मग ट्रस रॉड थोडा ढिला करावा लागतो. ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात तो भाग) असेल तर मागच्या स्प्रिंगाही ढिल्या कराव्या लागतील, नाहीतर ब्रिज खाली बसेल. हे पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्या, समोर उभं राहून बघा, पुढच्या वेळी स्वतः कराल.

आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तारा गंजतात. गंजलेली ९ ही हाताला खरखरीत लागते आणि माणसाला वाटतं गेज (तारेची जाडी) चुकलं. वाजवून झालं की जुन्या सुती बनियनने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. पावसाळ्यात मी दीड महिन्याला सेट बदलते.

नवा सेट लावल्यावर दोन-तीन दिवस सूर उतरत राहील. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात घ्या, असं चार-पाच वेळा करा. मग तिसरी तार, सातवा फ्रेट. रे लागला की मला इथे कळवा.