लायब्ररीतून घेतलेलं ई-पुस्तक कुठल्याही ई-रीडरवर वाचता येतं का?

कुठल्याही नाही. पुस्तकाला डीआरएमचं, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप असतं, आणि ते उघडणं प्रत्येक यंत्राला जमत नाही.

सगळ्यात सोपं कोबोवर. बहुतेक मॉडेल्समध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लायब्रऱ्यांची ई-पुस्तकं उसनी देणारी सेवा, आतच असते. तुमची लायब्ररी त्यावर असेल तर लॉगिन करून थेट पुस्तक घ्या. किंडलवर मात्र लिबीमधून (ओव्हरड्राइव्हचंच अ‍ॅप) पुस्तक पाठवण्याची सोय फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना आहे. अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर असेल, उदाहरणार्थ बूक्स, तर लिबी अ‍ॅपच टाका. पानं उलटताना जरा अडखळतं, पण चालतं.

बाकीच्या बऱ्याच ई-रीडरसाठी कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स हा प्रोग्राम लागतो. इथेच बरेच जण फसतात, मीही फसलो होतो: डाउनलोड झालेली .acsm फाइल तशीच यंत्रात टाकली आणि ती उघडेचना. ती जेमतेम काही केबींची फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, नुसती पावती. कॉम्प्युटरवर ती अ‍ॅडोबीत उघडली की खरं ईपब, म्हणजे पुस्तकाची फाइल, उतरतं, मग केबल लावून यंत्रात टाकायचं. कॉम्प्युटर आणि यंत्र दोन्हींवर अ‍ॅडोबी आयडी एकच हवा.

मुदत संपली की पुस्तक आपोआप बंद होतं. दंडाची भानगड नाही.