आम्ही दोन्ही मुलांना सारखंच वागवतो, तरी ती सतत भांडतात. या वयातल्या भावंडांच्या नात्याचा मनावर कायमचा परिणाम होतो का?

प्रश्नाखाली विचारणाऱ्यांनी लिहिलेला तपशील असा: "मुलगी १६ वर्षांची, पहिल्यापासून अभ्यासात पुढे, यंदा ९४ टक्के. मुलगा १३ वर्षांचा. गेलं वर्षभर दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत, बोललेच तर वाद. आम्ही दोघांना अगदी सारखं वागवतो. मध्ये पडावं की आपोआप निवळेल? मुलीचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे."

उत्तर:

"आम्ही दोघांना अगदी सारखं वागवतो" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य माझी आई गेली २५ वर्षं म्हणते आहे. तुमच्यावर राग नाही, पण तिच्यावरचा थोडा तुमच्यावर निघेल. सांभाळून घ्या.

आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देऊन टाकते. निवळतं. बुर्मेस्टर आणि फर्मन या दोन अभ्यासकांनी १९९० साली तिसरी, सहावी, नववी आणि बारावीतल्या मुलांना त्यांच्या भावंडांबद्दल विचारलं होतं. वय वाढतं तशी मोठ्याची दादागिरी ओसरते, नातं बरोबरीचं होत जातं आणि एकूणच त्याची धार उतरते, असं त्यात दिसलं. एका घरात, एका चार्जरवर आणि एका बाथरूमवर दोन वाढती मुलं भांडणारच. त्या भांडणांतूनच ती घासाघीस करायला, माघार घ्यायला आणि योग्य वेळी दार आपटायला शिकतात. मला भांडणांची नाही, वर्षभर धड न बोलण्याची काळजी वाटते.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. घरी कुणी आलं की बाबा आमची ओळख ठरलेल्या शब्दांत करून द्यायचे. "ही थोरली, हुशार आहे. आणि ही धाकटी, हरहुन्नरी." शब्द वाईट नाही हो. पण 'हुशार'च्या पाठोपाठ आला की त्याचा एकच अर्थ उरतो: जिला गणित येत नाही ती. मी चित्रं काढायचे, नकला करायचे, बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचे. (उघडलेलं घड्याळ पुन्हा कधी चाललं नाही, तो भाग वेगळा.) पाहुणे हसायचे. ताई आत जाऊन पुस्तक उघडायची. दोघींना आपापलं काम पाठ होतं.

गंमत अशी की गणित मला येत होतं, आणि ते ताईनंच शिकवलं होतं. अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मला काही केल्या कळेना. वर्गात "उलटा करा आणि गुणा" एवढंच सांगून पुढे गेले होते. ताईनं वहीच्या पानाची एक लांब पट्टी फाडली, मध्ये दुमडली, परत दुमडली. म्हणाली, "अर्ध्या पट्टीत पाव पट्टी किती वेळा बसते?" दोनदा. "अख्ख्या पट्टीत?" चारदा. "मग तो चार आला कुठून? पाव उलटा केला की चारच होतात ना? आणि आपल्याकडे पट्टी अर्धीच आहे, म्हणून चाराचे अर्धे." दोन मिनिटांत डोक्यात लख्ख झालं. ती पट्टी पुढे कितीतरी दिवस माझ्या कंपासपेटीत होती, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली.

नववीच्या सहामाहीत मला गणितात १०० पैकी ९१ पडले. ताईचा नववीतला आकडा ८४, तो घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. मी गुणपत्रिका आईच्या हातात दिली. तिनं वरून खाली वाचत आणली, गणिताशी थांबली आणि मान वर करून विचारलं, "पेपर सोपा होता का गं?"

एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी काही लागट बोललं नाही. नंतर "छान" पण म्हणाली, सहीही केली. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "वा, आमची हरहुन्नरी!" ताई ताटात बघून जेवत होती.

दिवे बंद झाल्यावर पलीकडच्या पलंगावरून ताईचा आवाज आला. "पेपर सोपा नव्हता. मी बघितला. शेवटचं गणित मला नसतं सुटलं."

मी झोपेचं सोंग घेतलं. दिवसभर मला हेच वाक्य कुणाकडून तरी हवं होतं, आणि तिनं ते म्हटल्यावर मला तिचा सर्वांत जास्त राग आला. हे तिनं जेवताना म्हणायला हवं होतं. चार माणसांत, आईच्या तोंडावर. अंधारात घेतलेल्या बाजूला साक्षीदार नसतो.

दीड-दोन वर्षांनी मी गणित सोडलं. कुणी सोड म्हणालं नव्हतं. विषय निवडायच्या फॉर्मवर मीच खूण केली आणि घरातले म्हणाले, "तिची आवड आहे, करू दे." आमच्याकडे जबरदस्ती कधीच नव्हती, हे आई आजही अभिमानानं सांगते. खरंच नव्हती.

मोठी झाल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागले. ज्ञानासाठी वगैरे नाही. आईशी वाद जिंकायला. आणि सापडलंही बरंच. अलेक्स जेन्सन आणि सुझन मॅकहेल यांचा २०१५ सालचा अभ्यास वाचताना तर मी उठून उभीच राहिले. त्यांनी किशोरवयीन भावंडांच्या जोड्या आणि त्यांचे आईवडील यांचा काही वर्षं मागोवा घेतला. दोघांत जास्त हुशार कोण, असं आईवडिलांना विचारलं. बहुतेकांनी थोरल्याचं नाव घेतलं, मुलांचे मार्क सरासरीनं जवळपास सारखे असताना. आधीच्या मार्कांवरून हे मत बदलत नव्हतं. पण पुढचे मार्क मात्र या मताच्या मागे जात होते. म्हणजे माझ्या ९१ मुळे आईचं मत हललं नाही, आणि मी हळूहळू तिच्या मतापर्यंत जाऊन पोचले.

फ्रान्सिस शॅक्टर यांनी १९७० च्या दशकात यातलीच दुसरी बाजू मांडली होती. वयानं जवळची भावंडं मुद्दाम एकमेकांपासून वेगळी होत जातात, म्हणजे सततची स्पर्धा टळते. एकानं अभ्यास घेतला की दुसरा खेळ घेतो, एक शांत झाला की दुसरा वांड होतो. घरात 'हुशार' ही एकच खुर्ची असली आणि तिच्यावर कुणी आधीच बसलेलं असलं, तर धाकटं मूल उभं किती वेळ राहणार? ते दुसरी खुर्ची शोधतं. तुमच्या मुलानं कुठली शोधली आहे ते नीट बघा. 'तापट' हीसुद्धा खुर्चीच असते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर आईच्या बाजूचंही सापडलं. नॉर्वेतल्या लष्करभरतीच्या बुद्धिचाचण्यांवरचा २००७ सालचा एक अभ्यास आहे, २ लाख ४० हजारांहून जास्त तरुणांचा. त्यात थोरले दुसऱ्या नंबरच्यांपेक्षा सरासरी २.३ गुणांनी पुढे होते. आई म्हणाली, "बघ!" मी म्हटलं, पुढचं ऐक. ज्यांचं मोठं भावंड लहानपणीच गेलं होतं आणि जे घरात थोरले म्हणूनच वाढले, त्यांचे गुण थोरल्यांसारखेच निघाले. म्हणजे फरक पोटातून येत नाही, घरातल्या जागेतून येतो. आणि २.३ म्हणजे किती? एखाद्या माणसाबद्दल त्यावरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. थोरले जबाबदार, मधले तडजोडवाले, शेंडेफळ लाडावलेलं, हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात, त्याला तर तेवढाही आधार नाही. २०१५ मध्येच अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. जन्मक्रमाचा स्वभावावर टिकणारा परिणाम सापडला नाही. तेव्हा तुमच्या घरी कुणी "धाकटी असतातच अशी" म्हणालं तर त्यांना चहा देऊन विषय बदला.

मागच्या वर्षी हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही तुला हुशार मानलं नाही म्हणून तू गणित सोडलंस. मग ताईला मानलं की. तिनं असे काय दिवे लावले?"

ताई तिथंच बसून वाळलेले कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले नाहीत. माझी मुद्द्यांची सगळी तयारी वाया गेली, कारण त्या क्षणी मला वाद जिंकायचाच राहिला नाही. ताई हुशार होती, अजून आहे. पण हुशार असण्याचीच तिला इतकी सवय लावली होती की जिथं आपटायची शक्यता आहे अशा कुठल्याही गोष्टीला तिनं कधी हात लावला नाही. दोनदा चांगल्या संधी आल्या, दोन्ही वेळा "माझी तयारी नाही" म्हणाली. आणि पन्नाशीला टेकताना तिला हे ऐकावं लागलं, ते पण माझ्यामुळे.

घरी जाताना मी तिला त्या रात्रीबद्दल विचारलं. पेपर सोपा नव्हता, असं तू म्हणाली होतीस. तिला आठवत नव्हतं. पेपर बघितल्याचंही नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तुझे ९१ आठवतात पण." का आठवतात ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता तुमच्याकडे येते. सारखं वागवण्याचा हट्ट सोडा. १६ आणि १३ ला सारखं वागवताच येत नाही, आणि मुलांना ते नकोही असतं. कोवाल आणि क्रेमर यांनी १९९७ साली ११ ते १३ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आईवडील वेगळं वागवतात हे मुलांना दिसत होतं, पण बहुतेक वेळा त्यांना तो अन्याय वाटत नव्हता. वय वेगळं, गरज वेगळी, हे त्यांना समजतं. तेव्हा मुलीला रात्री उशिरापर्यंत बाहेर राहू देता आणि त्याला नाही, याचं सरळ कारण सांगा. "आम्ही फरक करतच नाही" असं म्हणू नका. त्याला फरक डोळ्यांनी दिसत असतो. तुम्ही नाही म्हणालात की खोटं कोण, तो की तुम्ही, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो.

मुलीशी एकदा एकटीशी बोला. भावाला समजून घे, तू मोठी आहेस, हे पालुपद नको. ते ऐकून ऐकून थोरली मुलं आतून कडू होतात. तिला एवढंच सांगा, की तुला त्याचं काही खरोखर आवडलं तर ते आमच्यासमोर म्हण. खोलीत नको, रात्री नको. जेवताना म्हण. हे मी कुठल्या अभ्यासातून सांगत नाहीये, हे तुम्हाला कळलंच असेल.

मध्ये कधी पडायचं, हे राहिलंच. भांडण दोन्हीकडून असेल तर लांब राहा, न्यायाधीश होऊ नका. ज्याच्या बाजूनं निकाल लागेल तोसुद्धा पुढच्या वेळी वकिली शिकून येतो. पण एकच जण सतत मार खातोय, एकाचीच टिंगल होतेय, वस्तू फोडल्या जाताहेत, तर त्याला भांडण म्हणायचं नाही आणि त्याच दिवशी मध्ये पडायचं. २०१४ साली ब्रिटनमधल्या जवळपास ७,००० मुलांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ व्या वर्षी ज्यांना भावंडं आठवड्यातून अनेकदा छळत होती, त्यांच्यात १८ व्या वर्षी नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट होतं. वर "भांडणांची काळजी नाही" म्हणाले ते यांच्यासाठी नाही, हे तिथंच लिहायला हवं होतं. आणि मुलगा शाळेतल्या मित्रांशीही बोलेनासा झाला असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर माझी कहाणी सोडा आणि समुपदेशकाकडे जा.

शिवाय आम्ही दोघी बहिणी होतो, तुमच्याकडे ताई आणि भाऊ आहेत. तिथं काही गोष्टी वेगळ्या असणार. वर सांगितलेले सगळे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या मुलांचे नाहीत. आणि माझ्या आईची बाजू तुम्ही ऐकलेली नाही. ती म्हणेल, "पेपर सोपा होता का, एवढंच तर विचारलं होतं." तेही खरंच आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती १६ ची आहे, अभ्यासात पहिल्यापासून पुढे आहे, ९४ टक्के पडले आणि तिचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे. मुलाबद्दल लिहिलंय की तो १३ वर्षांचा आहे.