नकाशावरच्या रेषा आणि स्वारगेटचा जिना : पुणे मेट्रोच्या विस्ताराविषयी वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग या दोन मार्गांना मान्यता दिली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. जाहिरातीत आले म्हणजे प्रस्ताव झाला, प्रस्ताव झाला म्हणजे मंजुरी मिळाली आणि मंजुरी मिळाली म्हणजे गाडी आलीच, असे धरून लोक घरे घेत आहेत आणि शाळा बदलत आहेत. वाहतूक नियोजनाच्या कामात अनेक वर्षे घालवलेली व्यक्ती म्हणून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरची मेट्रो दोन वर्षांत सुरू होईल, असे आमच्या सोसायटीत सर्वजण सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, धायरी)

नाही. सिंहगड रस्ता ज्यात येतो त्या वरील दोन मार्गांच्या, एकूण सुमारे ३१.६ किलोमीटर लांबीच्या, २८ उन्नत स्थानकांच्या आणि ९,८५८ कोटी रुपये खर्चाच्या या कामासाठी केंद्रानेच पाच वर्षांचा कालावधी गृहीत धरला आहे. पहिल्या टप्प्याचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हे पहिले तुकडे ६ मार्च २०२२ रोजी खुले झाले आणि स्वारगेटपर्यंतची भुयारी गाडी २९ सप्टेंबर २०२४ रोजी धावली. मंजुरीनंतर माती-खडकाची तपासणी, जलवाहिन्या आणि वीजतारा हलवणे, जागेचे संपादन, कर्जाचे करार आणि निविदा ही सारी कामे उरतातच. मुलांच्या शाळेचा किंवा नोकरीच्या ठिकाणाचा निर्णय आज उपलब्ध असलेल्या बससेवेवर घ्यावा आणि कामाच्या टप्प्यांची माहिती महामेट्रोच्या, म्हणजे पुणे मेट्रो उभारणाऱ्या सरकारी कंपनीच्या, कार्यालयातून घ्यावी.

प्रश्न : वाघोलीजवळच्या एका गृहप्रकल्पाच्या पत्रकात ‘मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर’ असे छापले आहे. नोंदणी करावी का? (एक वाचक, विमाननगर)

पाच मिनिटे कशाने, हे पत्रकात लिहिलेले नसते. रात्री अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावर मोटारीने जी पाच मिनिटे लागतात, तीच सकाळी नऊ वाजता पायी पस्तीस होतात. वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या १२.७५ किलोमीटरच्या, १३ स्थानकांच्या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली आहे, हे खरे. परंतु मान्यतेच्या कितीतरी आधीपासून त्या परिसरात ‘मेट्रोलगत’ म्हणून घरे विकली जात होती आणि त्या घरांसाठी लोकांनी आजवर हप्ते भरले आहेत. हा प्रकार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो.

स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह रक्कमही परत मागता येते. म्हणून पत्रक फेकून देऊ नका, जपून ठेवा. सविस्तर प्रकल्प अहवालातील स्थानकाची जागा स्वतः नकाशावर पाहा, तेथून प्रकल्पाच्या फाटकापर्यंत एकदा चालत जा आणि सही करण्यापूर्वी करारनामा वकिलाला दाखवा.

प्रश्न : स्थानक जवळ आल्यामुळे आमच्या जुन्या सोसायटीला चार एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) मिळेल, असे विकसक सांगतो. (एक वाचक, कर्वेनगर)

स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात वाढीव चटई क्षेत्राची तरतूद आहे, परंतु तुमच्या वाट्याला किती येईल हे भूखंडाचे क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि भरावयाचे अधिमूल्य यांवर ठरते. चार हा कमाल आकडा आहे, तो सरसकट लागू होत नाही. विकसकाने नेमलेल्या वास्तुविशारदावर अवलंबून न राहता सोसायटीने स्वतःचा वास्तुविशारद नेमून लेखी अभिप्राय घ्यावा.

प्रश्न : स्वारगेट–कात्रज मार्ग भुयारी आहे. आमच्या चाळीस वर्षांच्या इमारतीला धोका आहे का? (एक वाचक, सहकारनगर)

केवळ भुयारामुळे घाबरण्याचे कारण नाही. शिवाजीनगर, बुधवार पेठ आणि मंडई या दाट वस्तीखालून, तसेच मुठा नदीच्या पात्राखालून यंत्राने दुहेरी बोगदा खोदून झालेला आहे. मात्र ‘पेठेत काही झाले नाही, मग आपल्याकडेही होणार नाही’ हा तर्कही चुकीचा आहे, कारण प्रत्येक इमारतीचा पाया आणि तिची दुरुस्ती वेगळी असते. खोदाईपूर्वी इमारतींची पाहणी होते, तेव्हा आधीपासूनच्या भेगांची छायाचित्रे आणि तारखांसह नोंद झाली आहे ना, हे पाहावे आणि त्या नोंदीची प्रत सोसायटीने मागून घ्यावी. शेजारच्यांनी सांगितलेल्या गोष्टी बाजूला ठेवून संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

याच मार्गाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ५.४६ किलोमीटरच्या या तुकड्याला ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्यावर तीनच स्थानके होती आणि खर्च सुमारे २,९५४ कोटी रुपये होता, म्हणजे किलोमीटरमागे ५४० कोटींच्या आसपास. खडकवासला–खराडी आणि वारज्याच्या उन्नत मार्गांसाठी हाच हिशेब ३१२ कोटींच्या घरात येतो. एवढा पैसा जमिनीखाली घालूनही मधल्या वस्त्यांना स्थानकच नव्हते. नागरिकांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे बालाजीनगर आणि बिबवेवाडीच्या स्थानकांची भर घालण्याचा निर्णय झाला. अहवाल तयार होत असतानाच हे विचारले गेले असते, तर मधला काळ वाया गेला नसता.

प्रश्न : नवा मार्ग झाल्यावर हडपसरहून पिंपरीला जाताना स्वारगेटला गाडी बदलावी लागेल. एवढ्याशा बदलासाठी काय विशेष तयारी लागते? (एक वाचक, मगरपट्टा)

विस्ताराचे यश ज्यावर ठरणार आहे, तो प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

नवा खडकवासला–खराडी मार्ग पिंपरी-चिंचवड मार्गाला स्वारगेट येथे आणि वनाज–रामवाडी मार्गाच्या विस्ताराला खराडी बायपास येथे भेटतो; वारज्याकडचा फाटा नळ स्टॉपला मिळतो. नकाशावर या भेटीच्या जागी एक छोटे वर्तुळ काढलेले असते आणि ते पाहून आपले समाधान होते. प्रत्यक्षात स्वारगेटचे आजचे स्थानक जमिनीखाली आहे आणि नवा मार्ग उन्नत, म्हणजे रस्त्याच्या वर, येणार आहे. मध्ये जेधे चौक, तेथील उड्डाणपूल, एसटीचे स्थानक, पीएमपीचा (शहर बससेवेचा) थांबा आणि दिवसभर न ओसरणारी गर्दी आहे. हडपसरहून आलेल्या प्रवाशाने वरच्या फलाटावरून उतरावे, तिकिटाचे फाटक ओलांडावे, चौकातील वाहने चुकवावीत आणि मग पुन्हा जमिनीखाली उतरावे, अशी रचना झाली, तर पंधरा मिनिटे तेथेच संपतील आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी दुचाकी बाहेर काढील. त्याला दोष देता येणार नाही.

जिल्हा न्यायालय स्थानकाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तेथे एक मार्ग सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि दुसरा रस्त्याच्या वर आहे. तरीही एकाच संस्थेने दोन्ही बांधल्यामुळे सरकत्या जिन्यांनी आणि उद्वाहनांनी ते आतल्या आत जोडता आले. हिंजवडीहून येणारा तिसरा मार्ग तेथेच संपतो, पण तो पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) आणि खासगी भागीदारीतील आहे. दोन संस्थांच्या हद्दी जेथे भिडतात, तेथील पूल कोणी बांधायचा, त्याचे वीजबिल कोणी भरायचे आणि पावसाळ्यात त्यावरील छत कोणी दुरुस्त करायचे, हे लेखी ठरलेले नसेल तर त्याचा त्रास प्रवाशालाच होतो. दिल्लीत विमानतळ मार्गावरील धौला कुआँ स्थानक आणि पिंक लाइनवरील दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानक यांना जोडण्यासाठी, दोन्ही मार्ग सुरू झाल्यानंतर, सरकत्या पट्ट्यांसह सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा पादचारी पूल २०१९ मध्ये खुला करावा लागला. जोडणीचा विचार शेवटी केला की जोडणी एवढी लांब होते. मुंबईत गुंदवली आणि पश्चिम द्रुतगती मार्ग या दोन स्थानकांमधील पूल आटोपशीर आहे, पण तोही दोन वेगळ्या संस्थांनी आपसांत समन्वय साधल्यावरच उपयोगाचा ठरला.

हीच गोष्ट बसची. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने प्रत्येक स्थानकाच्या पाच किलोमीटर परिघातील फीडर सेवेचा (स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या बस वगैरेंचा) आराखडा प्रकल्प अहवालातच असावा, अशी अट घातली आहे. अहवालात तो आराखडा असतो; रस्त्यावर बस मात्र नसते. केंद्राच्या सेवा-निकषांत उत्तम दर्जासाठी दर हजार लोकसंख्येमागे किमान ०.६ बस धरल्या आहेत, म्हणजे एक लाख लोकांमागे ६०. पीएमपीचा ताफा आणि दोन्ही शहरांची लोकसंख्या समोर ठेवून हा भागाकार कोणालाही करता येतो आणि प्रत्येक नगरसेवकाने तो करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. पदपथांची स्थिती तर आणखी वाईट आहे. स्थानकाच्या जिन्यापासून शंभर पावलांवर पदपथ संपतो, पुढे रोहित्र, त्यापुढे दुचाकी आणि त्यापुढे उघडे चेंबर. गुडघेदुखीचा त्रास असलेल्या बाईंना किंवा दप्तर घेतलेल्या मुलाला त्या रस्त्याने चालता येत नसेल, तर त्यांच्यासाठी ते स्थानक बांधलेच गेलेले नाही, असे मी समजतो.

स्वारगेटचा आराखडा अजून कागदावर आहे तोवरच हे सर्व मागता येते, खांब उभे राहिल्यावर नाही. फलाट ते फलाट चालण्याचे अंतर किती, मधले फाटक एकदाच लागणार का, एसटी आणि पीएमपीच्या थांब्यांपर्यंत छत असलेली वाट आहे का, हे तीन प्रश्न आपल्या प्रभागातील नागरिकांनी महामेट्रोला आणि महापालिकेला लेखी विचारावेत आणि आलेले उत्तर एखाद्या वाहतूक नियोजकाकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : मेट्रो महाग पडते. मग शहराभोवतीच्या वर्तुळाकार मार्गावर निओ मेट्रो किंवा मोनोरेल का नको? (एक वाचक, बिबवेवाडी)

१९८७ च्या विकास आराखड्यापासून दाखवलेल्या, सुमारे ३६ किलोमीटरच्या त्या वर्तुळाकार मार्गाचा विचार मलाही महत्त्वाचा वाटतो, कारण सर्व मार्ग शहराच्या मध्यातूनच नेल्याने मध्यभागावरचा भार वाढतो. पण साधन निवडण्याआधी प्रवासी मोजावे लागतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी एका दिशेने ८,००० पर्यंत प्रवासी असतील तेथे टायरवर चालणारी मेट्रो निओ आणि १५,००० पर्यंत असतील तेथे रुळांवरची मेट्रोलाइट विचारात घेता येते. नाशिकच्या निओची घोषणा २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांच्या आकड्यासह झाली, पण ती मार्गी लागली नाही.

मोनोरेलचे नाव मात्र काढू नये. मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली, गाड्यांचे तंत्र एकाच परदेशी कंपनीच्या हातात राहिले, सुट्या भागांची अडचण झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा थांबवावी लागली. गाडी विकणाऱ्याच्या सादरीकरणावरून शहराचे वाहतूक साधन ठरवणे धोक्याचे आहे. आधी स्वतंत्र तज्ज्ञांकडून पर्यायांचा तौलनिक अभ्यास करून घ्यावा, तोही २०१७ च्या धोरणाने बंधनकारक केलेला आहे.

प्रश्न : युरोपात रस्त्यावरून ट्राम चालते. लक्ष्मी रस्त्यावर का नाही? (एक वाचक, नारायण पेठ)

चालू शकते, पण त्यासाठी रस्ता मोटारींना बंद करावा लागेल. ट्रामला स्वतःची मोकळी वाट नसेल तर ती बसपेक्षाही हळू चालते, कारण तिला बाजूने निघता येत नाही. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. पुण्यातही २००६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीची (जलद बससेवेची) राखीव मार्गिका आपण सांभाळू शकलो नाही. ती खासगी वाहनांनी व्यापली आणि पुढे अनेक ठिकाणी उखडली गेली. आधी एका रस्त्यावर बसची मार्गिका दोन वर्षे निर्वेध चालवून दाखवावी आणि व्यापारी, रहिवासी व वाहतूक पोलीस यांच्याशी बोलून मगच रुळांचा विचार करावा.

प्रश्न : उड्डाणपूल आधी की मेट्रो आधी? (एक वाचक, औंध)

दोन्हींचा आराखडा एकत्र. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला. नळ स्टॉपला पूल आणि मेट्रो एकाच खांबावर उभे राहिले. नव्या पुलाची निविदा निघण्यापूर्वी त्याचा मेट्रोच्या मार्गाशी मेळ तपासला आहे का, हे महापालिकेच्या प्रकल्प विभागाला विचारावे.

प्रश्न : लोणावळा लोकल असताना मेट्रो आणखी पुढे नेण्याची गरज आहे का? (एक वाचक, देहूरोड)

निगडीपर्यंत गरज आहे आणि तेथवरच्या सुमारे साडेचार किलोमीटरचे काम हाती घेतलेले आहे. त्यापुढे मात्र लोकलच्या फेऱ्या वाढवणे आणि त्यासाठी तिसरी-चौथी मार्गिका टाकणे अधिक शहाणपणाचे आहे. शिवाजीनगर, खडकी आणि दापोडी येथे रेल्वे आणि मेट्रो शेजारी आहेत; तेथील पादचारी जोडणीची मागणी रेल्वे आणि महामेट्रो या दोघांकडेही करावी.

प्रश्न : हिंजवडीच्या मेट्रोसाठी वेगळे तिकीट लागेल का? (एक वाचक, बाणेर)

राष्ट्रीय कार्ड (देशभरातील प्रवासासाठीचे सामायिक कार्ड) दोन्हीकडे चालवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. एकच सलग भाडे ही वेगळी बाब असून ती दोन संस्थांच्या करारावर अवलंबून आहे. मासिक खर्चाचा हिशेब त्यांचे दरपत्रक पाहूनच करावा.

प्रश्न : लोहगाव विमानतळाला मेट्रो जोडली गेली आहे का? (एक वाचक, कोथरूड)

नाही, आणि केंद्राने मान्य केलेल्या वरील मार्गांतही विमानतळ नाही. रामवाडीला उतरून फीडर बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. पहाटेचे विमान असल्यास पहिल्या गाडीची वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्यावी.