वाण नवा, तांबेरा पण नवा?

प्रश्न: तांबेरा येत नाही म्हणून घेतलेल्या गव्हावर काही वर्षांनी तांबेरा आलाच, बियाणं बोगस होतं का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: बियाणंच खोटं असेल असं नाही हो, तांबेरा हा बुरशीचा रोग आणि ती बुरशी बदलते. पानावर बोट फिरवलं की लागते ना ती नारिंगी पावडर, त्यात बुरशीचे हजारो बीजाणू, म्हणजे जणू तिचं बी, असतात आणि गावभर एकच वाण असला की बुरशीचा जो प्रकार त्यावर जगू शकतो तोच फोफावतो, बाकीचे मागे पडतात. मैदानातल्या उन्हाळ्यात हे बीजाणू मरतात पण दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांच्या गारव्यात तग धरून वाऱ्याने परत येतात. अमेरिकेत तर बार्बेरीच्या झुडपावर खोडाच्या तांबेऱ्याचा संकर होऊन नवनवे प्रकार निघायचे, १९१८ पासून ती झुडपं उपटली तेव्हा कुठे प्रकार घटले! तुम्ही शेजाऱ्यांशी बोलून वेगवेगळे वाण लावून बघा.