लांड्सक्नेख्टना एकाच रंगाचे कपडे? नको!

इटलीतल्या पाव्हियाच्या लढाईच्या मांडणीसाठी घेतलेल्या चाळीस लांड्सक्नेख्ट पुतळ्यांना, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांच्या छोट्या प्रतिकृतींना, सरसकट लाल-पिवळं रंगवू का, आणि प्लॅस्टिकचे भाले वाकतात त्याचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

एकच रंग नको. यांना गणवेश नव्हताच. पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियनने १४८० च्या दशकात स्विस भालाइतांच्या धर्तीवर ही जर्मन भाडोत्री पलटण उभी केली, पण कपडे ज्याचे त्याने करायचे. साधा पगार महिन्याला ४ गिल्डर, पुढच्या रांगेतल्या डॉपलझोल्डनरला (दुप्पट पगारी सैनिकाला) ८. रंगवताना याचा उपयोग करा: चिलखत आणि भडक कापड पुढच्या दोन रांगांना, मागच्यांना विटका तपकिरी, राखाडी, मळका पांढरा.

भडक कापडासाठी मी पाचच रंग ठेवतो. मंजिष्ठेसारखा लाल, किंचित मळका निळा, मोहरी पिवळा, काळा, पांढरा. एका पुतळ्यावर त्यातले तीनच. तुमानीचा एक पाय एका रंगाचा, दुसरा वेगळा चालतो. बाह्यांवरच्या चिरा सगळ्यात वेळखाऊ. आधी मूळ रंग, मग खाचेत पातळ केलेला गडद तपकिरी, शेवटी चिरेतून फुगून आलेलं अस्तर उजळ रंगाने. मागच्या रांगेत हे करत बसू नका, तिथे कोणी बघत नाही.

प्लॅस्टिकचे भाले सरळ काढून टाका. खरा भाला पाच-साडेपाच मीटरचा, म्हणजे २८ मिमीच्या पुतळ्याला ९ ते १० सेंटिमीटर. ०.८ मिमीची पोलादी तार घ्या. कापताना चष्मा लावा, तुकडा गोळीसारखा उडतो. टोक बोथटच ठेवा. मी हौसेने अणकुचीदार केली होती आणि पलटण उचलताना तळहातात तीन भोकं पाडून घेतली.

पावसाळ्यात प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) स्प्रे मारू नका, दमट हवेत पृष्ठभाग खरखरीत होतो. ब्रशने लावा.

कपड्यांवरची बाजू ओळखायची खूण, म्हणजे क्रॉस, मात्र अगदी शेवटी. २४ फेब्रुवारी १५२५ ला पाव्हियाला सम्राट पाचव्या चार्ल्सकडे सेनानी फ्रुन्ड्सबर्गचे लांड्सक्नेख्ट होते आणि फ्रान्सच्या राजाकडेही 'काळी तुकडी' म्हणून लांड्सक्नेख्टच. दिसायला दोघे सारखेच, फरक खुणेचा: सम्राटाकडे लाल तिरपा क्रॉस, फ्रेंचांकडे पांढरा सरळ क्रॉस. त्या दिवशी पहाटेच्या अंधारात ओळख पटावी म्हणून सम्राटाच्या सैनिकांनी अंगावर पांढरे सदरेही चढवले होते. एरवी दोघांचे कपडे सारखेच, म्हणून वीस पुतळे बिनक्रॉसचे ठेवा. काळ्या तुकडीसाठी दुसरा खोका घ्यावा लागणार नाही.