बडोदा कॉलेज गेलं कुठे?

प्रश्न : माझे आजोबा ‘मी बडोदा कॉलेजचा’ असं अभिमानानं सांगत. मुलगी आता त्याच घुमटाच्या इमारतीत आर्ट्सला जाते, पण कॉलेजचं नाव कोणी घेत नाही. लायब्ररीला मात्र हंसा मेहतांचं नाव आहे. हे कसं झालं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, आजोबांचं कॉलेज आणि मुलीची फॅकल्टी एकच. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झालं. अरविंद घोष इथेच इंग्रजी शिकवत. परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाच्या असत. १९४९ मध्ये महाराजांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या पुढाकारानं स्वतंत्र विद्यापीठ उभं राहिलं, त्याला सयाजीरावांचं नाव मिळालं आणि कॉलेज त्यात सामावलं. जुनं नाव राहिलं ते तुमच्या आजोबांसारख्यांच्या तोंडी.

आता हंसाबेन. त्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांच्याआधी बाईकडे आलेलं नव्हतं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री घटना समितीत भारतीय स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज अर्पण केला, तोही त्यांनीच. कॅम्पसमधल्या सगळ्या नावांत मला हेच सर्वांत योग्य वाटतं, कारण विद्यापीठाची पहिली घडी त्यांनी बसवली. मी नोकरीभर त्याच लायब्ररीच्या देवघेव काउंटरवर बसले. पुस्तकाच्या आतल्या पानावर निळ्या शाईचा शिक्का मारताना त्यांचं नाव रोज हाताखालून जायचं. शाई सुकली असली की ‘हंसा’ तेवढं उमटायचं, मग मी पुन्हा नीट दाबून मारायची.

मुलीला होस्टेलकडेही नेऊन आणा. मुलं ज्याला ‘एम. एम. हॉल’ म्हणतात तो मनुभाई मेहता हॉल. मनुभाई म्हणजे बडोदा संस्थानचे दिवाण, हंसाबेनचे वडील. बापलेकीची नावं एकाच विद्यापीठात आहेत, पण आद्याक्षरांमुळे बापाचं नाव पुसट झालं, याचं मला फार वाईट वाटतं. अहो, खुद्द महाराजांचंसुद्धा तेच झालंय! रिक्षावाल्याला ‘एम. एस.’ एवढंच सांगितलं की पुरतं.

आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी वेगळी बरं का. ती संस्थानची, १९१० च्या सुमाराला अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हातून घडलेली. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो.