गिटारचे पेडल दोन अँपवर स्टिरिओमध्ये कसे जोडू? जोडले की घूं घूं आवाज येतो

क्रम आधी बघ. ओव्हरड्राइव्ह, वाह वगैरे मोनो (एकच आउट असलेले) पेडल आधी, त्यानंतर स्टिरिओ (दोन) आउटवाला कोरस (आवाज दाट करणारा) किंवा डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि तिथून एक वायर या अँपला न दुसरी त्या अँपला, त्याच्यानंतर मोनो पेडल घुसवलास तर स्टिरिओ संपलं.

घूं घूं बहुतेक ग्राउंड लूपमुळे, म्हणजे दोन अँपची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्यामुळे, दोन्ही अँपचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लाव, तरी नाही गेलं तर एका लाइनमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर बॉक्स टाक. अर्थिंगची पिन काढायचा जुगाड सांगणारे भेटतील, अजिबात करू नकोस, शॉकने माणूस जातो!

दोन्ही चालू केल्यावर बेस गायब झाला तर एक अँप उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांना खोडतायत, आयसोलेटर बॉक्सवर फेजचं बटण असेल तर ते दाबून बघ. नुसता कोरसच हवा असेल तर रोलंड जेसी-१२० हा अँप बघ, एकाच खोक्यात ६० वॉटचे दोन अँप.